हार घातलेला सेनापती

यंदाच्या माघात लालबागला आमच्या जुन्या चाळीत गेलो. मंडळाच्या खोलीत, गणपतीच्या तसबिरीशेजारी, एका परदेशी सेनापतीचं चित्र टांगलेलं होतं. त्याला झेंडूचा ताजा हार होता. चित्र मी लगेच ओळखलं. माझ्याच पुस्तकाचं मुखपृष्ठ कापून काचेत बसवलेलं. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. आत जाववेना.

मी परळच्या एका शाळेत इतिहासाचा मास्तर होतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत असताना, मी मुलांसाठी एक छोटं चरित्र लिहिलं. नायक दूरच्या देशाचा. महायुद्धात मागे हटत चाललेलं सैन्य त्याने सावरलं, युद्ध जिंकलं, आणि पुढे लोकांनी त्याला राष्ट्राध्यक्ष केलं. त्याचं नाव इथे देत नाही. मला सांगायचंय ते माझ्याबद्दल आहे. पुस्तक आलं त्याच वर्षी आम्ही दादरला राहायला गेलो. जाताना मंडळाच्या वाचनालयाला एक प्रत दिली आणि विसरलो.

चाळ आता पाडणार आहेत. ही शेवटची सत्यनारायणाची पूजा, म्हणून जुन्या बिऱ्हाडांना बोलावलं होतं. पूजेला पाच दिवस होते. मी नुसता भेटायला गेलो होतो. चित्राखाली आमचे एकेकाळचे शेजारी बसले होते. गिरणीत साचेखात्यात, मागावर कापड विणण्यात, जन्म गेलेला माणूस, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. मला पाहून ते उठायला लागले. मी नको नको म्हटलं तरी उठलेच.

“येवा मास्तरानू,” ते म्हणाले. “तुमचो सेनापती बघलास? तुमच्यापरीस जास्त टिकलो.”

मग त्यांनी जे सांगितलं, त्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. संपाच्या काळात त्यांचा धाकटा भाऊ गिरणीच्या गेटवर गोळी लागून गेला, हे अर्थात माहीत होतं. मी तेराव्याला येऊन गेलो होतो. त्यानंतरच्या पूजेला यांनी एक कागद काढला आणि संपात गेलेल्या चाळीतल्या माणसांची नावं मोठ्याने वाचली. कोण गोळीने गेलेला, कोण उपासाने, कोणी स्वतःहून. नावं वाचून होईपर्यंत प्रसादाला हात लावायचा नाही, असं ठरलं. तेव्हापासून दरवर्षी हे चालू आहे. शिरा निवतो, पोरं कुरकुरतात, पण कोणी द्रोण उचलत नाही.

ही कल्पना त्यांनी माझ्या पुस्तकातून घेतली होती. लढाई संपली की सेनापती मेलेल्यांची यादी मागवतो, सैन्यासमोर उभा राहून एकेक नाव स्वतः वाचतो, आणि तोवर छावणीत कोणी जेवत नाही, असा प्रसंग त्यात आहे. यादी मुळात तिथली आहे, असं ते मोठ्या कौतुकाने सांगत होते. यंदाच्या स्मरणिकेत या रीतीची हकीकत मीच लिहावी, असा त्यांचा आग्रह होता.

तो प्रसंग मी रचलेला होता. धडा कोरडा वाटत होता, म्हणून एका दुपारी बसल्या बसल्या लिहिला. पण तेवढंच असतं, तर मी कदाचित पुढेही गप्प राहिलो असतो.

मी ज्या इंग्रजी ग्रंथावरून चरित्र लिहिलं, त्यात त्याच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या भागात अर्ध्या पानाचा मजकूर होता. बंदरातल्या कामगारांनी संप केला. राष्ट्राध्यक्षांनी सैन्य पाठवलं. गोळीबाराच्या हुकुमावर सही त्यांची स्वतःची. प्रेतं धक्क्यावर पडून होती, तेव्हा ते घोड्यावरून रपेटीला गेले होते. हे मी वाचलं होतं. त्या जागी मी एक वाक्य लिहिलं: “त्याने देशाला शिस्त लावली.”

दादरला परतलो, तो ग्रंथ शोधून काढला. ते अर्धं पान तसंच होतं. समासात माझ्या हातची पेन्सिलची रेघसुद्धा होती. म्हणजे मी ते खूण करून वाचलं होतं, आणि मग गाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्रंथ घेऊन पुन्हा लालबागला गेलो. शेजारी मंडळाच्या खोलीत एकटेच चहा पीत होते. आधी यादीचा प्रसंग खोटा असल्याचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, पुस्तकात थोडी फोडणी घालायचीच, आमका काय कळत नाय? मग मी ते अर्धं पान मराठीत सांगत सांगत वाचलं. कपबशी त्यांनी खाली ठेवली. मान वळवून भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. मी पुस्तक मिटलं.

“ह्यां तुमका तेव्हा ठावक होता?”

मी होय म्हटलं.

“कोणी नको म्हणून सांगितल्यान?”

“नाही. मीच.”

“माझ्या भावाचा नाव मी त्येच्या फोटोखाली वाचतंय, मास्तर. इतकी वर्सां.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, स्मरणिकेत हेच लिहा. आणि का गाळलंत, तेही लिहा. मंडळाच्या तरुण चिटणीसाला हे कळल्यावर तो समजूत घालायला आला. काका, जाऊ दे ना, आता कोण वाचतंय, चाळच राहणार नाही. त्याला त्यांनी इतकंच विचारलं की, तू संपात गेलेल्यांपैकी कोणाचा कोण? त्याचा आजा त्या यादीत आहे.

का गाळलं, याचं उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. प्रकाशकाची भीती नव्हती. सरकारची नव्हती. नायक शेवटपर्यंत चांगला राहिला, तर पुस्तक शाळांच्या वाचनालयांत लागेल, असं मला वाटलं. आणि ते लागलं. मास्तर म्हणून मला मान मिळाला. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही. स्मरणिकेत हेच छापून आलं आहे.

पूजेच्या दिवशी मी वेळेवर पोहोचलो. भिंतीवर खिळा तेवढा होता. आरती झाली, माणसं दाटीवाटीने बसली. शेजाऱ्यांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, तुमी जरा भायर बसा.”

सगळ्यांसमोर म्हणाले. मी उठून गॅलरीत चपलांच्या शेजारी जाऊन बसलो. आतून नावं ऐकू येत होती. बाप, आडनाव, खोली नंबर, सगळं सावकाश. भावाच्या नावापाशी आवाज अडला. कोणीतरी पाणी दिलं असावं, भांड्याचा आवाज झाला. मग त्यांनी ते नाव पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि पुढच्या नावावर गेले.