परकार जमा, केळी पास

"अंकल, इसमें तो नोक है."

कोर्टाच्या गेटवरचा हवालदार माझा परकार दोन बोटांत धरून उन्हात फिरवून बघत होता. परकाराला टोक असतं हा शोध जगात पहिल्यांदा त्यालाच लागला, असा त्याचा थाट.

"परकार है. बिना नोक का परकार होता है क्या?" मी म्हटलं.

"वो मैं नहीं जानता. नोकवाली चीज़ अंदर नहीं जाएगी."

मी भू-अभिलेख खात्यातून रेव्हेन्यू इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालो. म्हणजे पटवारी जमीन मोजतात, आणि ते बरोबर मोजतात की नाही ते बघणारा माणूस. सगळी नोकरी बऱ्हाणपूर आणि आसपास गेली. आता लोकांची खासगी मोजणीची कामं करतो. माझ्या पिशवीत दोन वस्तू कायम असतात. एक परकार, नकाशावरचं अंतर टोकात पकडायला. दुसरी गुनिया, म्हणजे पितळेची छोटी मापपट्टी. परकारात पकडलेलं अंतर तिच्यावर ठेवलं की जमिनीवर ते किती भरेल ते कळतं. या दोन वस्तूंनी मी अर्ध्या तालुक्याची भांडणं मिटवली आणि उरलेल्या अर्ध्याची लावली. आजवर कोणाला टोचलेलं नाही.

माझ्यामागे जसोंडीच्या सुमनताई उभ्या होत्या. काम त्यांचंच होतं. नवरा नेपानगरला नोकरीला, केळीची बाग या एकट्या बघतात, आणि चांगली बघतात. त्यांच्या बागेत जायचा गाडीरस्ता दीर प्रल्हादच्या शेतातून जातो. प्रल्हादनं ऐन कापणीच्या तोंडावर त्या रस्त्यावर तारेचं कुंपण ठोकलं. म्हणे रस्ता माझ्या विहिरीपर्यंतच आहे, पुढे तुमचा हक्क नाही.

आमच्याकडे केळी हिरवीच कापतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. हिरवे घड ट्रकात भरून दूरच्या मंडीला जातात आणि तिथं गेल्यावर पिकवले जातात. झाडावरच केळ पिवळं पडलं तर ते बाजारात दिसतं तसं छान नसतं, ते संकट असतं. तो घड ट्रकात चढत नाही, आणि बाकीची बाग चार-सहा दिवसांत त्याच वाटेनं जाते. व्यापारी स्पष्ट बोलला होता, ट्रक बागेपर्यंत आला तर माल घेतो. घड डोक्यावरून वाहून आणले की साल काळी पडते, तसला माल त्याला नको होता.

आणि सुमनताईंच्या बागेत त्या सकाळी पहिली पिवळी केळी दिसली होती. काही पिवळी, बाकी हिरवी, अशी ती फणीच त्यांनी कापून पिशवीत घातली होती. दुपारी तहसीलदारांपुढे तारीख होती. रस्ता आजच्या आज उघडा, बाग पिकायला लागली आहे, हे दाखवायला पिवळ्या केळ्याइतका सरळ पुरावा नाही.

मग आम्ही तहसील सोडून आधी कोर्टात का आलो? तर या रस्त्यावरून दोन पिढ्यांमागे याच घराण्यात दिवाणी दावा झाला होता. कोर्टानं तेव्हा रस्ता दिला आणि निकालाला नकाशा जोडला. तो अस्सल नकाशा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. प्रल्हादच्या वकिलानं तहसीलदारांना त्याची झेरॉक्स दिली होती आणि तिच्यावर पट्टी लावून रस्ता विहिरीपाशी संपवला होता. झेरॉक्स मशीन कागद थोडा लहान-मोठा करतं. जेवढा कागद आक्रसला तेवढा रस्ता आक्रसला. इतकी साधी गोष्ट वकिलाला कळत नसेल असं नाही. कळत होती म्हणूनच झेरॉक्स दिली. अस्सल नकाशा बघून मोजायची परवानगी आम्ही अर्ज करून घेतली होती. रेकॉर्ड रूम जेवणाच्या सुट्टीपर्यंतच उघडी. त्याआधी मोजणी उरकायची होती.

आणि मी गेटवर परकाराला टोक का असतं हे समजावत होतो.

गेट बघण्यासारखं आहे. मधोमध मेटल डिटेक्टरची चौकट. तिच्या वायरचा प्लग भिंतीवर लोंबत होता, म्हणजे चौकट नुसतीच उभी होती. तरी प्रत्येकानं तिच्यातूनच जायचं. चौकटीच्या डाव्या बाजूला बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा. तिथून वकील जातात, त्यांचे मुन्शी जातात, स्टाफ जातो. मी उभा असताना काकडीवाला टोपली घेऊन तिथूनच आत गेला. टोपलीत मीठ-मसाल्याच्या डब्याशेजारी हातभर लांबीची सुरी.

"वो देखो, छुरी जा रही है," मी हवालदाराला म्हटलं.

"वो रोज़ का आदमी है."

रोजचा असला की सुरी बोथट होते, असा काही नियम असावा. त्याच जागेतून थोड्या वेळानं प्रल्हाद आपल्या वकिलाच्या मागे हात मागे बांधून आत गेला. जाताना आमच्याकडे बघून हसला. ज्यानं रस्ता अडवला त्याला कोणी अडवलं नाही.

सुमनताई मागून हळूच म्हणाल्या, "नाना, कशाला वाद घालू राहिले? केळीवाले आपले कोयते त्या चहावाल्याजवळ ठेवून जातात. तुम्हीबी ठेवा ना."

खरंच, समोरच्या चहाच्या टपरीवर तारेला ओळीनं कोयते अडकवलेले होते. ज्याचा त्याचा कोयता, ज्याला त्याला ओळखू येतो. पण कोयते बाहेर ठेवून आत काम होतं. परकार बाहेर ठेवून मी आत काय मोजणार होतो? बोटांनी? मी परवानगीचा कागद काढून दाखवला. त्यात "नापने हेतु" असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

हवालदारानं तो उलटसुलट वाचला. "नापने की परमिशन है. औज़ार की परमिशन कहाँ लिखी है?"

माझा आवाज चढला. त्याचाही चढला. तिकडे सुमनताईंना महिला कॉन्स्टेबलनं पडद्याआड नेलं. बायकांची तपासणी तिथं होते. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगी, बोलण्यावरून रीवा-सतनाकडची वाटली. इकडे आमचं युद्ध चालूच होतं. शेवटी हवालदारानं रजिस्टर ओढलं आणि वस्तूच्या रकान्यात लिहिलं, "नुकीला हथियार, एक नग." गुनियापुढे लिहिलं, "धातु की वस्तु." मी म्हटलं, हथियार कशाला लिहिता, परकार लिहा. तर म्हणाला, एकदा लिहिलं ते खोडता येत नाही.

पडद्याआडून आवाज आला, "दीदी का झोला पास है." सुमनताई पिशवी घेऊन बाहेर आल्या. हत्यारबंद टोळी निकामी करून आम्हाला आत सोडण्यात आलं. पाऊण तास गेला होता.

रेकॉर्ड रूमच्या बाबूंच्या टेबलावर मला पहिलं काय दिसलं, तर फाइली शिवायचं दाभण. वीतभर, लाकडी मुठीचं, माझ्या परकाराची चार टोकं एका वेळी गिळेल असं. शेजारच्या टेबलावर दुसरं. खिडकीत तिसरं. त्या इमारतीत खून करायचा झाला तर बाहेरून काही आणायची गरजच नाही.

बाबूंनी फाइल काढून दिली. नकाशा उत्तम होता. जुन्या पटवाऱ्यानं खाली मापाची रेघही आखलेली होती. ती बघून माझा जीव भांड्यात पडला. ज्या नकाशावर मापाची रेघ आहे, तिथं अवजाराशिवायही निभावतं. कोऱ्या कागदाची सरळ कड घ्यायची, सीमेच्या दगडापासून रस्त्याच्या टोकापर्यंत लावायची, दोन्हीकडे पेन्सिलनं खूण करायची. मग तीच कड खालच्या रेघेवर ठेवायची आणि वाचायचं. कागद जुना होऊन आक्रसला असला तर रेघही तेवढीच आक्रसलेली असते, म्हणून माप चुकत नाही.

रस्ता विहीर ओलांडून थेट सुमनताईंच्या बांधापर्यंत भरला. मी तीनदा कड लावून बघितली.

बाबूंना म्हटलं, "लिख दीजिए, आपके सामने नापा."

"किससे नापा? औज़ार तो दिख नहीं रहा."

"औज़ार आपके गेट पर जमा है."

"तो फिर मैं कैसे लिखूँ कि नापा?"

आता सुमनताई पुढे झाल्या. "बाबूजी, तुमच्याच लोकांनी घेतला ना तो? तुम्हीच घ्यायचं आणि तुम्हीच नाही म्हणायचं? माझी बाग तिकडे पिकू राहिली." बाबू मराठीच निघाले. बाईचा चेहरा बघून त्यांनी खूण केलेली कड स्वतः रेघेवर ठेवून पाहिली आणि सही केली. त्या दिवशी त्या आवारात अक्कल चालवून केलेली ती एकमेव सही.

बाहेर पडताना परकार मागितला. हवालदार म्हणाला, हथियार गेटवरून परत देता येत नाही, ते ठाण्यात अर्ज करून सोडवावं लागतं. गुनिया मात्र दिली. भांडायला वेळ नव्हता. रिक्षा करून तहसील गाठली.

तहसीलदार तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी माझी मोजणी नीट बघितली, झेरॉक्सचा घोळही लगेच समजले. प्रल्हादचा वकील जरा खाली बसला. मला वाटलं, झालं.

मग तो पुन्हा उठला. "सर, रास्ते का फ़ैसला आराम से कर लीजिए. आज ही तार हटाने की क्या जल्दी है? फ़सल में अभी महीना भर है."

"महीना?" सुमनताई ताडकन म्हणाल्या. "सायब, केळं पिवळं पडलं झाडावर."

"दिखाइए," तहसीलदार म्हणाले.

मी सुमनताईंकडे बघितलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि हात तिथंच राहिला. चेहरा उतरला. मी पिशवी घेऊन फणी टेबलावर काढली. सगळी केळी हिरवीगार. वरच्या बाजूला देठ तोडल्याच्या ताज्या जागा.

"ये तो हरे ही हैं," तहसीलदार म्हणाले.

प्रल्हादच्या वकिलानं मान हलवली, फार दुःख झाल्यासारखी.

मी खालच्या आवाजात विचारलं, "ताई, पिवळी कुठं गेली?"

"त्या पोरीनं मागितली, नाना. पडद्याआड. सकाळपासून पोटात काही नाही म्हणे. हिरवी कशी खाईल ती? मीच तोडून दिली." मग म्हणाल्या, "बागवाल्यानं खाणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मला वाटलं, नकाशा मिळाला की झालं."

मला त्यांच्यावर रागावता येईना. आमच्या भागात दारात आलेल्याला केळ्याला नाही म्हणत नाहीत, ते कोणाला शिकवावं लागत नाही. त्या पोरीवरही रागावता येईना. दूरच्या मुलखातून आलेली, पिवळं केळ दिसलं, खाल्लं. राग आला तो त्या गेटचा. पुरावा जिच्या पोटात गेला ती तपासणी, आणि पुरावा मोजणारं अवजार जिनं हत्यार म्हणून जमा केलं तीही तपासणीच.

सुमनताईंनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. वकील म्हणाला, फोटो कुणाच्याही बागेचा असू शकतो. मी घडलेला प्रकार सांगितला. तहसीलदार हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण कोर्टाच्या गेटवर पुरावा खाल्ला गेला, हे ते ऑर्डरशीटवर कसं लिहिणार? त्यांनी नियमात होतं ते केलं. पटवाऱ्याकडून मौका रिपोर्ट मागवला, म्हणजे पटवाऱ्यानं शेतात जाऊन डोळ्यांनी बघून लिहून द्यायचं. पुढची तारीख दिली.

पटवारी दुसऱ्या कुठल्या ड्यूटीवर होता. आज येतो, उद्या येतो करत आला तेव्हा बाग लांबूनच पिवळी दिसत होती. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, "मौके पर फल पका हुआ पाया गया." त्या रिपोर्टवर तार काढायचा हुकूम झाला. रस्ता सुमनताईंच्या बांधापर्यंत, माझ्या मोजणीप्रमाणे. कोतवालानं समोर उभं राहून कुंपण उपटवलं. प्रल्हाद घरातून बाहेर आला नाही.

व्यापाऱ्याचा ट्रक त्याच दिवशी आला. बागेपर्यंत सरळ आला, कुठं अडला नाही. व्यापारी उतरला, दोन-चार घडांना हात लावून बघितलं आणि परत गाडीत बसला. ट्रक रिकामा वळला. वळायला जागा भरपूर होती.

सुमनताई बांधावर उभ्या होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "ताई, रस्ता तर कायमचा मिळाला."

"हो ना," त्या म्हणाल्या. "गावातल्यांना सांगते, गाड्या घेऊन या. गुरांना तरी घालतील." आणि डोळ्यांना पदर लावला.

लोक अजून विचारतात, नाना, कोर्टात रेकॉर्ड बघायला जाताना सोबत काय न्यावं? मी सांगतो, आधार कार्ड न्या, अर्जाची प्रत न्या, पेन्सिल न्या. काही पिकलेलं असेल तर ते घरी ठेवा, आणि पटवाऱ्याला तिथं घेऊन या.