मंजुळाच्या हातात ठेवलेलं पत्रक

डिसेंबर सरत आला तरी डिलाईल रोडला थंडी म्हणावी अशी पडली नव्हती. पहाटे अंग जरा शिरशिरायचं, आठ वाजले की मानेला घाम. हवेत सकाळपासून एक पांढुरका धूर बसलेला, त्यात मागच्या गल्लीतल्या टॉवरच्या कामाची सिमेंटची भुकटी. रात्री खिडकी गच्च लावली तरी सकाळी दवाखान्याच्या टेबलावर बोटाने नाव लिहावं एवढी धूळ. डॉक्टर नम्रता आंगणे ओल्या फडक्याने ती पुसत होत्या. टेबल झालं, बीपीचं मशीन झालं, खुर्चीचे हात झाले. मग पुन्हा टेबल.

"कांता, तिसऱ्यांदा पुसतेय गं मी हे."

"पुसा. नायतरी दुसरा काम काय आसा?" आतून कांता म्हणाली. कांता इथली कंपाउंडर. बत्तीस वर्षं पुड्या बांधतेय. मालवण सोडून मुंबईला आली तेव्हा सामान थोडकंच होतं, पण तोंड तिने पूर्ण आणलं होतं.

बाहेर बाकावर दोन माणसं बसली होती. बाईंनी पहिल्याला आत बोलावलं, स्टेथोस्कोप गळ्यात घातला.

"काय होतंय?"

"मला? काय नाय बाई, एकदम मस्त. नातीच्या अ‍ॅडमिशनसाठी एक पत्र पाहिजे होतं."

"मी आता आमदार नाही हो."

"तरी पण. तुमचं नाव चालतं."

दुसऱ्याचंही तेच. त्याला पाण्याच्या लाइनीसाठी वॉर्ड ऑफिसात फोन हवा होता. फोन करून झाल्यावर बाईंनी विचारलं, "पाय सुजलेत तुमचे. पाय वर घ्या जरा, बघते." तर तो चपलेत पाय सारून म्हणाला, "नको नको, त्याचं चालू आहे दुसरीकडे."

निवडणुकीत पडून बाईंना वर्ष झालं होतं. पडल्याचं दुःख त्यांनी चार दिवस केलं. पाचव्या दिवशी सहा-सात वर्षं बंद असलेलं दवाखान्याचं शटर उघडलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं की माणसं परत खोकत खोकत येतील. आली ती पत्रं मागत. घसा दाखवायला कुणी आ करेना.

आता हे कसं झालं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

नम्रता याच चाळीतली. बाप गिरणीच्या साचेखात्यात, आई खानावळीचे डबे करायची. पोरगी परळला डॉक्टरी शिकली आणि पार्ल्या-बोरिवलीला न जाता चाळीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात बसली. पंचवीस वर्षं बसली. आसपासच्या अकरा चाळींत कुठल्या खोलीत कोणाला दमा, कोणाच्या सुनेचं पहिलं मूल पोटातच गेलं, कोण दारू लपवून पितो, हे सगळं तिच्या बोटांना ठाऊक. औषध देण्याआधी ती मनगट धरायची. घड्याळात बघून पुरतं एक मिनिट. बरं असलेल्याचंही. बायका म्हणायच्या, बाईने हात धरला की निम्मं दुखणं तिथंच खाली बसतं.

मग पक्षाची माणसं आली. जुन्या आमदाराला लोक कंटाळले होते आणि पक्षाला स्वच्छ चेहरा हवा होता. बाई नको म्हणाल्या, ते पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा पाडलेल्या चाळींतली माणसं ठेवलेल्या संक्रमण शिबिरातला एक टीबीचा पेशंट औषध संपल्यावर बारा दिवस रांगेत उभा राहून दगावला होता. बाई म्हणाल्या, बरं.

पहिला प्रचार म्हणजे गंमतच. "घरची डॉक्टर, घरची आमदार" अशी पाटी घेऊन पोरं पुढे, आणि बाई मागे प्रत्येक खोलीत अडकलेल्या. कुणी बीपी बघा म्हणे, कुणी सुनेचे रिपोर्ट काढी. प्रितेश तेव्हा नवाच कार्यकर्ता, ढोलताशा घेऊन खाली उभा. तो जिन्याखालून बोंबलायचा, "बाई, एका चाळीला तीन तास! अशाने मतदानापर्यंत आपल्या दोनच चाळी होतील!" तरी बाई निवडून आल्या. लोक म्हणाले, तपासता तपासता आमदार झाली.

विधानसभेत बाईंनी त्या शिबिरावर प्रश्न लावला, लक्षवेधी लावली. मंत्री उठून म्हणाले, "तपासून सांगतो." बाईंना हसू आलं. त्याही हेच म्हणायच्या पेशंटला, पण त्या खरंच तपासायच्या. शिबिरात औषधाची खिडकी सुरू व्हायला साडेतीन वर्षं गेली. झाली मात्र. ती बाईंची खरी कमाई. आणि त्या साडेतीन वर्षांत दवाखान्याचं शटर आधी संध्याकाळचं बंद झालं, मग सकाळचं.

दुसऱ्या प्रचाराला पक्षाने त्यांना शिकवलं. हात कायम जोडलेले ठेवायचे. जोडलेला हात कुणी धरत नाही, आणि पुढच्या दाराला लवकर जाता येतं. बाई हुशार विद्यार्थिनी. शिकल्या.

त्याच प्रचारात मंजुळाचं झालं.

मंजुळा माहीमच्या कोळीवाड्यातली. रोज सकाळी पाटी घेऊन डिलाईल रोडच्या चाळींत दारोदार मासळी द्यायची, आणि सतरा वर्षं बाईंची पेशंट. बाईंना 'अगं' म्हणणारी सगळ्या दवाखान्यात ती एकटीच. त्या दिवशी ती तिसऱ्या माळ्याच्या जिन्यात पाटी खाली ठेवून बसली होती. खाली ढोल, मागे चाळीस माणसं, वर घाई. मंजुळाने हात पुढे केला. बाईंनी त्या हातात पत्रक ठेवलं, "आशीर्वाद असू द्या" म्हणाल्या आणि वर गेल्या.

तिला नाडी दाखवायची होती. छातीत धडधडत होतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता.

संध्याकाळी कांताने फोन करून सांगितलं की मंजुळाला अ‍ॅडमिट केलंय, ठोके वेडेवाकडे पडतायत. बाई तशाच धावल्या. पण एकट्या कशा जाणार? बरोबर प्रितेश, पाच कार्यकर्ते आणि एक फोटोवाला. मंजुळाच्या नाकात नळी, आणि बाई तिच्या खाटेपाशी उभ्या. जे बोलायला आल्या होत्या ते राहूनच गेलं. फोटो मात्र रात्रीपर्यंत साऱ्या वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. बाई चौदा हजारांनी निवडून आल्या.

मंजुळा वाचली. पण दवाखाना पुन्हा उघडल्यावरही त्याची पायरी तिने चढली नाही. मासळी देत याच रस्त्याने जायची, समोरच्या फुटपाथने.

तिसरी निवडणूक हरल्या त्याची कारणं पक्षाने बरीच काढली. टॉवरवाले इंटरकॉमवरूनच नको म्हणाले, जुने मतदार विरार-बदलापूरला गेले. बाईंनी मान डोलावली. आपलं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वर्षभर रोज सव्वादहाच्या सुमाराला त्या खिडकीशी जायच्या, काही तरी पुसायच्या, आणि समोरच्या फुटपाथवरून पाटी जाताना बघायच्या. बाकी कोणी नाही आलं तरी चालेल, पण हिने एकदा यावं.

आजही त्या खिडकीशीच होत्या, तेवढ्यात प्रितेश आला. आता चाळिशीचा, पोट सुटलेला, दोन फोनवाला.

"हो मेलो सकाळीच खंयसून इलो?" कांता आतून.

"कांतामावशी, चहा टाक. बाई, आज फायनल सांगा. महापालिकेला आपला वॉर्ड महिला राखीव पडलाय. तुम्ही उभ्या राहिलात की सीट बसल्या जागी. वर अकरा वाजेपर्यंत नाव कळवायचंय."

"प्रितेश, मी दवाखाना उघडलाय."

"कोण येतं बाई? मी काय आंधळा आहे? बाक बघा." तो वाईटपणाने बोलत नव्हता. बाईंसाठी त्याने पोलिसांचा मारही खाल्ला होता. "लोकांना तुम्ही आमदार म्हणून पाहिजे. डॉक्टर काय, गल्लीत सतरा आहेत."

बाई बोलणार, तोच दारात मासळीचा वास आला.

मंजुळाने पाटी पायरीवर टेकवली, चुंबळ काढून कंबरेला खोचली आणि आत आली. सहा वर्षांत केस पार पांढरे झालेले, नथ तीच.

"काय गो बाय, वळखतंस का?"

बाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "ये. बस ना. बस."

प्रितेशने सवयीने फोन वर केला. बाई वळल्याही नाहीत. "प्रितेश, फोन खिशात. आणि तू बाहेर बस."

तो बाहेर गेला. मंजुळा स्टुलावर बसली. बाईंनी स्टेथोस्कोप कानाला लावला, आणि मंजुळा म्हणाली,

"मना एक पत्र पायजे."

बाईंनी स्टेथोस्कोप परत गळ्यात सोडला. "कसलं?"

"ती समोरची चाळ पाडून टॉवर केला ना, तितं मना आत सोडत नाय. वॉचमन बोलतो, मासळीवाली गेटाभायेर. अगं, चौथ्या माळ्यावरच्या लक्ष्मीला मी तिच्या लग्नाआधीपासून बोंबील देतंय! ती वरून हाका मारते, मी खालून. सगला रस्ता ऐकतो. लिव तू, आत सोडा म्हणून."

आमदारकीचं लेटरहेड बाईंकडे आता नव्हतं. त्यांनी औषधं लिहायचं पॅड ओढलं. वर दवाखान्याचं नाव, वेळ नऊ ते बारा, सहा ते नऊ. खाली लिहिलं, मंजुळाबाई गेली तीस वर्षं या वस्तीत मासळी देतात, त्यांना आत जाऊ द्यावे, ही विनंती.

"ह्या कागदावर तू औषद लिवतस ना?"

"हो. आता हाच आहे माझ्याकडे."

मंजुळाने कागद घडी करून पदराच्या आत घातला. ती उठायला लागली. बाईंना वाटलं, आता गेली, परत सहा वर्षं.

"मंजुळा, त्या दिवशी जिन्यात..."

"हां. कागद." मंजुळा हसली. "चांगला जाड कागद व्हता बाय. नंतर माझ्या पोरीने त्याच्यात सुकट बांधली."

"मी बघितलं नाही गं तुझ्याकडे. हात बघितला, पण तुला बघितलं नाही. हॉस्पिटलात तेच सांगायला आले होते, आणि ती सगळी गर्दी घेऊन आले."

मंजुळा परत स्टुलावर टेकली. मग म्हणाली, "मना राग मरायचा नाय आला. मराय काय, दर्यात पण मरतात. मी बोलले, हिला माझा हात वळखू नाय आला? सतरा वर्सं धरला, आनी वळखू नाय आला?"

आत कांताच्या हातातली कात्री थांबली होती.

"बघू दे?" बाईंनी विचारलं. आमदार असताना त्यांनी कुणाकडे काही इतकं हळू मागितलं नव्हतं.

"बग. बगायला काय जातंय? पन गोळ्या मी त्याच्याच खाईन हां, शीवच्या डॉक्टरच्या. आदीच सांगते."

मनगटावर खवले चिकटलेले, कातडी मिठाने राठ झालेली. बाईंनी तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. पहिली पंधरा सेकंदं नुसतीच गेली, त्यांना मोजताच येईना. मग मोजायला लागल्या. एक ठोका, दुसरा, तिसरा, सारखे, ताठ. बाई वाट बघत होत्या. कुठे तरी एक चुकेल, एखादा अडखळेल, मग म्हणता येईल की अगं थांब, हे बघायला हवं, उद्या ये. एक मिनिट झालं. बाईंनी हात सोडला नाही. दुसरं मिनिट सुरू झालं. आपण काय मागतोय हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच शरम वाटली. नाडी बहात्तरवर चालली होती, एकही ठोका न चुकता. कुणी तरी ती नीट राखली होती.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "एकदम छान."

"हाय ना? तो पोरगा बरा हाय. दर महिन्याला धरून बसतो, तुज्यासारखाच. बोलतो, आजी, बांगड्या वर करा."

"इथे येशील परत? जवळ पडेल तुला. शीवला कशाला एवढ्या लांब..."

"नाय गो." मंजुळाने पटकन सांगितलं, पण आवाजात काटा नव्हता. "तू सोडलास तवा त्याने धरला. आता त्याला कशी सोडू? त्याने काय वाईट केला माजा?"

बाईंनी तिचं मनगट सोडलं. त्या उठल्या, पायरीपर्यंत गेल्या आणि पाटी डोक्यावर द्यायला हात लावला. मंजुळा म्हणाली, "मांदेली ठेवू काय?" बाई म्हणाल्या, ठेव. तिने केळीच्या पानात दोन मुठी घातल्या आणि समोरच्या फुटपाथने टॉवरकडे निघाली. गेटापाशी वॉचमन कागद उलटसुलट करून बघताना दिसला. मग मधून एक ट्रक गेला, आणि पुढचं काही दिसलं नाही.

प्रितेश आत आला. "बाई, पावणेअकरा. काय सांगू वर?"

"सांग, बाई दवाखान्यात असतात. नऊ ते बारा, सहा ते नऊ."

"अहो पण पेशंट कुठे आहेत?"

"नाहीत," बाई म्हणाल्या. "अजून नाहीत."

प्रितेश दारात घोटाळला. दोनदा फोन काढला, दोनदा खिशात घातला. "तुमच्याशिवाय मजा नाय बाई प्रचाराला," म्हणाला आणि गेला. गल्लीच्या तोंडाशी त्याची बाईक जरा वेळ नुसतीच चालू उभी होती. ती गल्लीबाहेर वळेपर्यंत बाई ऐकत राहिल्या. ढोल, घोषणा, गच्चीवरून पडणारी फुलं, हेही सगळं त्यांना आवडायचं. ते खोटं कशाला बोला.

"बाई!" कांता मोरीतून ओरडली. "पाणी इला! हयसर येवा, पाइप सुटता! आणि ती मांदेली आधी फ्रिजात टाका, इंजेक्शनांच्या खालच्या खणात नको!"

बाईंनी मांदेली वरच्या खणात ठेवली, साडीचा पदर खोचला आणि मोरीत जाऊन पाइपचं तोंड पिंपात धरलं. पाणी आज बारीक होतं. पिंप भरायला अर्धा तास तरी लागणार होता.