पोटाचं गाऱ्हाणं

माझ्या लग्नाचा एक सोडला, तर आमच्या घरातल्या कुठल्याही फोटोत मी नाही. (त्यातही मी इतका बारीक आहे, की बघणारे विचारतात, "ह्यो कोण?")

लग्नानंतर पोट आलं आणि मी कॅमेऱ्यामागे गेलो. देवबागात आमचं होमस्टे आहे. पाव्हण्यांचे फोटो काढता काढता हात बसला, आणि लपायला बरी जागा मिळाली!

यंदा लेकीचा, आशूचा, साखरपुडा ठरला. ती म्हणाली, "बाबा, माका तुमच्यावांगडा एक फोटो होयो. एकच. मगे मी जातलंय मुंबैक."

झालं! मी गुपचूप मालवणात जाऊन पोट आत घेणारा पट्टा आणला. साखरपुड्याच्या सकाळी न्हाणीघरात कडी लावून तो बांधला, वरून कुडता. पोट आत गेलं खरं, पण ते गेलं कुठे? वर, छातीत! वाकता येईना, बसता येईना. मी घरापुढच्या खळ्यात ताठ उभा राहून नुसते सुस्कारे सोडत होतो.

"काय झाला हो?" बायकोने विचारलं.

"काय नाय." (पुढच्या वाक्याला हवा पुरत नव्हती.)

"जावय पसंत नाय तुमका?"

मी 'छे छे' म्हणणार, तोच पट्ट्याने चिमटा काढला. तोंडून निघालं, "आई गे!"

हिने डोळ्यांना पदर लावला. आशू रडत आत पळाली. माझे थोरले भाऊ, दादा, गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात, आवाज तसाच. ते गरजले, "मेल्या, पावणे वाटेर आसत आणि आता तुका आठावला?"

मध्ये पडली मीनल. ही माझी भाची, पुण्यात थेरपिस्ट. 'आधी अंगाचं ऐका' हे तिचं सांगणं. (पुण्यात लोक वेळ घेऊन तिच्यासमोर रडतात, आम्ही वेळ न घेताच सुरू केलं होतं.) तिने आशूला हाताला धरून आणलं आणि सगळ्यांना खळ्यात बसवलं. मलाही!

"डोळे मिटा. पोट आवळू नका. खोल श्वास घ्या... मामा, अजून खोल."

मी घेतला.

चर्रर्रर्र!

पट्टा कुडत्याखालून सुटला तो थेट दादांच्या मांडीवर.

मीनल हसली नाही. माझ्याजवळ येऊन बसली. "मामा, जे वाटतं ते बोला. आम्ही नुसतं ऐकतो."

"लाज वाटता गो ह्या पोटाची," मी म्हणालो. "आशूच्या सासरचे फोटो बघून हसतले..."

आता, कुणी सगळ्यांसमोर दुःख मांडलं की दादांना नुसतं ऐकवेल का? पट्टा दोन्ही हातांत धरून ते उभेच राहिले!

"बा देवा म्हाराजा! आज ह्या चेडवाक बापाशीवांगडा एक फोटो होयो आसा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. सवयच ती!

"आणि ह्यो बापूस पोटाक पट्टो बांधून लाजता हा! तेची लाज खंय आसली, तर ती भायर काढ, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी आवाज दुप्पट आला. वळून बघतो, तर फाटकात व्याही! सगळं वऱ्हाड चपला काढून, हात जोडून साथ देत होतं.

मला वाटलं, मीनल वैतागणार. तीही म्हणाली, "व्हय महाराजा!" अस्सल पुणेरी. मग माझा हात तिने माझ्याच पोटावर ठेवला आणि हळूच विचारलं, "मामा, आशू लहानपणी कुठे झोपायची?"

ह्याच पोटावर. दुसरीकडे ठेवली की भोकाड पसरायची. मला रडूच कोसळलं. आशू येऊन बिलगली, "बाबा, माका ह्याच पोटासकट फोटो होयो!" देवाला ऐकवणारे आमच्यात पुष्कळ, पण माणसाचं असं ऐकणारी मीनल एकच. धन्य ती पोर!

फोटो मीनलनेच काढला. आशूने जावयालाही त्यात ओढलं. मी पोट सोडून ऐसपैस उभा राहिलो. आता तो फोटो बाहेरच्या खोलीत टांगलाय. येणारेजाणारे कौतुकाने बघतात आणि विचारतात, "झकास आसा! पण नवरो खंय?"

"आसा," मी म्हणतो, "माझ्या पाठसून."