ताऱ्याचं सुतक

शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी लॅपटॉप उघडला की नवरा विचारायचा, "काय मग, कोण गेलं आज?" भारतातून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईही हसायच्या. स्फोट होऊन मेलेले तारे, म्हणजे सुपरनोव्हा, शोधणं हा माझा छंद. आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरांच्या दिव्यांपुढे आकाशात काही दिसत नाही, आणि माझा पगार त्या डेटा सेंटरमधूनच येतो, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार. म्हणून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली एक दुर्बीण मी भाड्यानं वापरते. ती दूरच्या दीर्घिकांचे फोटो काढून पाठवते आणि मी ते जुन्या फोटोंशेजारी ठेवून बघते. आधी नव्हता असा ठिपका दिसला तर समजायचं, कुणीतरी गेलं. बहुतेक वेळा कुणी गेलेलं नसतं, कॅमेऱ्यावर धूळ असते.

डिसेंबरात नवऱ्यानं तो प्रश्न विचारायचा बंद केला. नागपूरला मामा गेले होते, सासूबाईंचे थोरले भाऊ, आणि ते त्यांना सांगायचं नाही असं ठरलं होतं. ठरवलं कुणी, तर माझ्या नवऱ्यानं आणि दिरानं, गराजमध्ये उभं राहून फोनवर. आईला स्टेंट घातलाय, इतक्या लांब धक्का नको, मार्चमध्ये परत गेली की सांगू. मी म्हटलं, सख्खा भाऊ आहे त्यांचा, तुम्ही कोण ठरवणारे? नवरा म्हणाला, "यार, आता तू सुरू होऊ नकोस." माझं डोकं असलं फिरलं होतं. पण आई त्याची, म्हणून गप्प बसले, आणि गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. मामांचा रविवारचा फोन का येत नाही, तर त्यांचा मोबाइल बिघडलाय, असं आम्ही सांगत राहिलो.

अशात जानेवारीत मला ठिपका सापडला. एका फिकट दीर्घिकेच्या कडेला, चांगला ठसठशीत. धूळ नव्हती, लघुग्रह नव्हता, आणि माझ्याआधी कुणी कळवलाही नव्हता. मी लगेच खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक यादीत कळवला. पण एवढ्यानं भागत नाही. मोठ्या दुर्बिणीवाले त्याचा प्रकाश फोडून बघतात आणि मग सांगतात, हा खरंच सुपरनोव्हा आहे का, आणि असला तर कुठल्या प्रकारचा. तोवर तो नुसता संशयित.

इथल्या मराठी मंडळाला एवढा दम कुठला. सासूबाईंनी देवळात एकीला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर माझा फोटो फिरत होता, वर हार काढलेला, म्हणजे मीच गेल्यासारखी. संक्रांतीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. दोन दिवसांनी मंडळाचे अध्यक्ष काका आणि काकू घरी आले.

"अगं, एक अडचण आलीय," काका म्हणाले. "भाषणासाठी मी गूगल केलं. सुपरनोव्हा म्हणजे तारा मरतो?"

"हो."

"मग तिळगूळ वाटताना मयताची बातमी आणल्याबद्दल शाल कशी द्यायची? कमिटीत दोन गट पडलेत. एक म्हणतो सत्कार पुढे ढकला. दुसरा म्हणतो आधी दोन मिनिटं शांतता पाळू, मग सत्कार."

"आणि सुतकाचं काय?" काकूंनी विचारलं.

"काकू, तो आपल्या नात्यातला नाही हो."

"तुलाच सापडला ना? मग सगळ्यांत जवळची तूच."

काका व्यवहारी माणूस. त्यांनी विचारलं, "गेला कधी?"

"सहा-सात कोटी वर्षांपूर्वी. प्रकाश इथं पोचायलाच तेवढा वेळ लागतो."

"मग फिटलं की."

"असं नसतं," काकू म्हणाल्या. "सुतक कळल्यापासून धरतात. पण वर्ष उलटून गेल्यावर कळलं तर नुसती आंघोळ पुरते."

मी रोज आंघोळ करते, असं सांगितल्यावर सत्कार मंजूर झाला. सासूबाई तिथेच बसून तिळाचे लाडू वळत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि महिन्या-दोन महिन्यांत कळलं तर?"

"मग पाळावं लागतं," काकू म्हणाल्या. "पण कुणी सांगायला तर हवं."

नवरा चहा आणतो म्हणून उठून गेला. चहा सगळ्यांच्या समोरच होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ईमेल आली. सुपरनोव्हाच होता, टाइप वन-ए. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून नाचलेच. नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. सासूबाईंनी विचारलं, "मग कशानं गेला?" कुणी गेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच, आणि वर्गीकरण म्हणजे तरी दुसरं काय असतं. मी सांगितलं, म्हातारा, विझत आलेला तारा. शेजारच्या ताऱ्याचं ओढून घेत राहतो आणि एक दिवस ते त्याला पेलवत नाही.

"वेळ लागतो का गं?"

"नाही आई. काही सेकंदांत सगळं संपतं."

"म्हणजे त्रास नाही झाला." त्यांनी लाडवांच्या डब्याचं झाकण लावलं. "आणि दादा? दादा कशानं गेला?"

नवऱ्याचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला.

"तू 'कोण गेलं' विचारायचा थांबलास ना," त्या त्याला म्हणाल्या, "त्याच दिवशी मला कळलं. म्हटलं, सांगतील आज-उद्या. शॉवर सोडून रडत होते रोज, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

पन्नाशीचा माझा नवरा लहान मुलासारखा रडायला लागला. मीच सांगितलं, हार्ट अटॅक, झोपेतच. मलाही रडू येत होतं, आणि नवऱ्याचा आणि दिराचा रागही. सासूबाईंनी माझा हात थोपटला, म्हणाल्या, "आज नीट आंघोळ करते," आणि कठडा धरून वर गेल्या.

तेवढ्यात काकांचा फोन. हॉल उघडलाय, निघालात का?

"काका, सत्कार कॅन्सल करा. आमच्याकडे सुतक आहे."

"अगं, ते मिटलं ना आपलं. सात कोटी वर्षं झाली त्याला."

"तारा नाही, काका. आईंचे भाऊ."

आवाज खाली आणून काकांनी विचारलं, "कशानं गेले?"