भावोजींच्या कागदावरचा आकडा

आधीच सांगतो, मी वजनकाटे तपासणारा माणूस आहे. दुकानातला, कारखान्यातला काटा बरोबर दाखवतो की नाही हे बघणं माझं पोटापाण्याचं काम. आकडा दिसला तर खरं, नाहीतर थापा! या पेजवरचे असले अनुभव मी वाचायचो ते हसायला, खाली कमेंटमध्ये टिंगलही केलीय. आता तुम्हाला माझी करायची असेल तर खुशाल करा.

दीड वर्षापूर्वीचा रविवार, सकाळचे साडेअकरा, परळची आमची चाळ. मी सेकंडहँड गाडी घेतली होती... आमच्या घरातली पहिली चारचाकी. आम्ही मूळचे मालवणकडचे, आजोबा गिरणीत लागले आणि इथलेच झालो. पण काही नवीन घेतलं की गाऱ्हाणं घालायचं, हे सुटलेलं नाही. एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं, बाकीच्यांनी वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. वडील गेल्यापासून तो मान ताईच्या नवऱ्याला, आमच्या भावोजींना.

भावोजी शाळेची बस चालवायचे. एके काळी प्यायचे, अगदी ढोसायचे. त्या रविवारच्या बारा वर्षं आधी ड्युटीवर चढताना श्वास तपासायच्या मशीनमध्ये सापडले, नोकरी गेली, ताई दोन्ही पोरं घेऊन आमच्याकडे येऊन राहिली. मग गावच्या देवळात शपथ घेऊन त्यांनी सोडली, ती सोडलीच. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा वाचून घ्यायचे. ताई चारचौघांत सांगायची, "माझो घोव देवमाणूस झालो!"

त्या दिवशी गाडीच्या आनंदात मी आणि माझा मित्र सुऱ्या सकाळीच दोन-दोन पेग मारून खाली उतरलो. भावोजींना लगेच वास लागला.

"बाळा, घेतलंस?"

"दोनच, भावोजी. कायद्यातच लिमिट आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. माझं वजन, नाश्ता, सगळं धरून काढलंय मी. तीसच्या आत आहे."

"रे, तो आकडो पोलिसांसाठी. रस्त्याक काय कळता तुझा लिमिट?"

"मग सरकारने शून्यच ठेवलं असतं ना! काहीतरी विचार करूनच ठेवलंय की."

"चावी दे हय. मी चालवतंय."

"माझी गाडी, पहिला राउंड माझा. बास!"

चाळ गॅलरीतून बघत होती, त्यामुळे मला जास्तच चेव आला. ताई म्हणाली, "जाऊ दे हो, चांगल्या दिवशी कशाला वाद?" भावोजी नारळ आणायला वळले.

मग नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. राखण करणाऱ्या देवाचा, राखणदाराचा मान म्हणून भावोजींनी चाकावर दारूचे चार थेंब सोडले, आणि लगेच नळावर जाऊन हात साबणाने धुऊन आले. मग हात जोडून सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान गाडी घेतल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेची राखण कर..."

"व्हय म्हाराजा!"

शेवटी दर वेळी 'काय इडापिडा असात ती भायल्या भायर जांवदे' असं असतं. लहानपणापासून ऐकतोय, पाठ आहे. त्या दिवशी भावोजी मध्येच थांबले. माझ्याकडे बघितलं.

"आणि ह्येच्या हातसून काय चूक झाली असात, ह्येच्या अंगात काय वंगाळ असात... ता माझ्यार येवंदे रे म्हाराजा!"

सवयीने सगळ्यांच्या तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

गाडीला हार तेवढा राहिला होता, तो आणायला आम्ही दोघंच दादरला निघालो. भावोजी माझ्या शेजारी. ट्रॅफिक फार नव्हता, मी जरा वेगात होतो. पुलाखालचा खांब मला दिसत होता हो, स्वच्छ दिसत होता! पाय ब्रेकवर जायला उशीर झाला, एवढंच. गाडीची डावी बाजू खांबावर गेली.

मला एक ओरखडा आला. आणि डोकं... डोकं एकदम लख्ख झालं, थेंबही घेतला नसावा असं. मी भावोजींना धरलं. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. सकाळी मी प्यायलो त्याच दारूचा. ते एवढंच म्हणाले, "लागला नाय मा तुका?" हॉस्पिटलच्या वाटेवरच गेले.

हवालदाराने मला मशीनमध्ये फुंकायला लावलं. शून्य. नळी बदलली, पुन्हा शून्य. दुसरं मशीन मागवलं, त्यातही शून्य. त्याने माझं तोंड हुंगलं आणि म्हणाला, "काहीच नाही हो." हॉस्पिटलात माझं रक्त घेतलं, त्याचाही रिपोर्ट निल.

भावोजींचा रिपोर्ट नंतर आला. त्यांच्या रक्तात अल्कोहोल होतं, तीसच्या दुपटीहून जास्त. माझ्या दोन पेगचा खरा आकडा मला भावोजींच्या कागदावर कळला.

ताईने तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "बारा वर्षं मला फसवलं रे ह्यांनी." तेव्हा मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. घाबरलो, दुसरं काय! दारूच्या बाबतीत कायद्यापुढे मी धुतल्या तांदळासारखा होतो, आणि खरं कोणाला पटलं असतं?

यंदाच्या पितृपक्षात, म्हाळाला ताईने भावोजींच्या फोटोपुढे पान वाढलं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं... आणि बाजूला दारूचा ग्लास. "मेलेल्या माणसाला आवडायचं ते ठेवावं लागतं," ती म्हणाली. माझ्याच्याने बघवलं नाही. तिथेच बसून सगळं सांगून टाकलं.

तिने मला मारलं नाही, शिवीही दिली नाही. ग्लास मोरीत ओतला, विसळून पालथा घातला. मग फोटोकडे बघत म्हणाली, "मी पण म्हटलंय रे. ह्याच तोंडाने... व्हय म्हाराजा." फोटो पदराने पुसत म्हणाली, "त्यांच्या कागदावरचं तेवढं खोडून आण."

सुऱ्या म्हणतो, रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. असेल. पण मग दोन्ही मशीनचं काय? त्या वासाचं काय? मशीन कशी बिघडतात ते मला माहीत आहे, रोजचं काम आहे माझं.

म्हाळाच्या दुसऱ्या दिवशी मी पोलीस स्टेशनला गेलो. साहेबांना म्हटलं, प्यायलो मी होतो, भावोजी नव्हते, तसं लिहून घ्या. त्यांनी फाईल काढली, दोन्ही रिपोर्ट माझ्यासमोर ठेवले आणि मायेनेच म्हणाले, "तुम्हाला धक्का बसलाय, मी समजू शकतो. पण मेहुण्यांचं पिणं तुम्ही कशाला अंगावर घेताय? जा, घरी जा."

घरी आलो तर ताई दारातच उभी होती. "खोडलं?" तिने विचारलं. अजूनही दर आठ दिवसांनी विचारते.