अर्ध्या तांब्यातली कॉन्टेसा

धुळीशी वैर धरून मराठवाड्यात राहायचं ठरवलेला माणूस जगात एकच असावा, आणि तो लातूरचा आमचा घरमालक आहे. मी बिलोलीकडच्या खेड्यातून शिकायला आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. कॉलेज सुरू व्हायच्या आधी खोली बघायला गेले. फाटकाच्या आत एक उंच, साठी ओलांडलेला माणूस काळ्या लांबलचक गाडीपुढे उकिडवा बसून कान साफ करायच्या कापसाच्या काडीने तिच्या पुढच्या जाळीची भोकं साफ करत होता. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "चपला कुठल्या रस्त्यानं आणल्या?"

"डांबरी," मी कशीबशी म्हणाले.

"मग ये आत."

त्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते आणि त्यांच्या बायकोला अक्का. आडतीचं दुकान मुलाच्या हवाली केल्यावर अप्पांनी नांदेडच्या एका भंगारवाल्याकडून ही कॉन्टेसा आणली. तेव्हा तिच्यात कोंबड्या नांदत होत्या म्हणे. तीन वर्षं खपून त्यांनी ती नव्यासारखी केली. ती कशासाठी, हे मला अक्कांनीच सांगितलं. लग्नात वऱ्हाडाची गाडी बंद पडली आणि अप्पांनी नवरीला औशाहून आपल्या ट्रकमध्ये, तुरीच्या पोत्यांवर बसवून आणलं. तेव्हा अक्कांचे थोरले भाऊ भर मांडवात म्हणाले होते, "माझी बहीण पोत्यावर बसून चालली!" ते अप्पांच्या जिव्हारी लागलं. "एक दिवस हिला लांबलचक गाडीतून तुमच्या दारात उतरवीन," असा शब्द त्यांनी देऊन टाकला. औसा लातूरहून अर्ध्या तासावर. गाडी तयार होऊन दोन वर्षं झाली, आणि तो अर्धा तास काही अप्पांना सापडत नव्हता.

कारण गाडी स्वच्छच होत नव्हती. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्याने येणार, त्यात गाडी धुणारा माणूस गल्लीत टिकला नसता. म्हणून अप्पांनी अर्ध्या तांब्यात अख्खी गाडी पुसायची विद्या कमावली होती. मऊ धोतराची सहा फडकी, प्रत्येकाची जागा ठरलेली. बॉनेटचं फडकं चुकून चाकाला लागलं की ते कायमचं बाद. रंगाऱ्याने पांढरा रंग सुचवला होता, पण अप्पांनी हट्टाने काळा लावला. "धूळ दिसली पायजे. जी दिसत न्हाई ती जास्त वाईट," हे त्यांचं तत्त्वज्ञान. दसऱ्याला सगळ्यांच्या गाड्यांना हळदकुंकू लागायचं. अप्पा स्टेपनी काढून पाटावर मांडायचे आणि गाडीच्या वतीने तिचीच पूजा करायचे. या माणसाला निवांत बसलेलं मी पाहिलंच नव्हतं. चहाचा एक घोट घेतला की उठून गाडीभोवती फेरी, दुसरा घोट घेईपर्यंत चहा गार. जेवताना बाहेर कावळा ओरडला तरी हातातला घास ताटात ठेवून ते अंगणात धावायचे.

अक्कांची माहेरी न्यायची पिशवी मात्र दाराजवळच्या खुंटीवर कायम भरलेली. भावासाठी टॉवेल-टोपी आणि शेंगदाण्याची चटणी. सोमवारी निघायचं ठरे, आणि सोमवारी अप्पा आभाळाकडे बघत म्हणत, "आज वारं सुटलंय." कधी "ऊन लई हाय, रंग तडकंल." कधी "रस्त्यात उसाच्या गाड्या असतील." चटणी जुनी झाली की अक्का ती आम्हाला वाढून नवी करायच्या. न झालेल्या प्रवासाच्या चटणीवर मी दोन वर्षं जेवले आहे. पण अलीकडे अक्कांना घाई झाली होती. भावाची नजर साखरेच्या आजाराने उतरत चालली होती. "त्याला दिसतंय तवर न्या," एवढंच त्या अप्पांना म्हणायच्या. अप्पा मान हलवायचे आणि फडकं घेऊन बाहेर जायचे.

अशात नांदेडला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. अप्पांनी गाडी नेली, पण ट्रकवर चढवून, ताडपत्री पांघरून. अक्का आणि सोबतीला मी एसटीने. खिडकीबाहेर बघत अक्का म्हणाल्या, "वहिनीचा फोन आला होता. काल समोर दिवा लावला तरी दादाला कळलं न्हाई म्हणं." त्यांच्या मांडीवर ती पिशवी होती. नांदेडला ती कशाला आणली, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

मैदानावर गाडीच्या काळ्या चकाकीत लोक आपले चेहरे बघून केस नीट करत होते. परीक्षक खूश होता. "आता मैदानाला एक फेरी मारून आणा," तो म्हणाला.

अप्पा गडबडले. "फेरी कशाला? उभी हाय तीच बघा की."

"अहो, गाडी हाय का देव्हारा?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

तेवढ्यात अक्का पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. चपलांसकट. "चला. तू बी बस गं मागं," त्या मला म्हणाल्या. अप्पांनी त्या चपलांकडे पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडे, आणि मुकाट्याने किल्ली फिरवली. फेरी फाटकाशी वळत होती.

"वळू नका," अक्का म्हणाल्या. "सरळ घ्या."

"अगं, पयला नंबर येईल आपला!"

"येऊ द्या. दादाकडं घ्या."

गाडी सरळ गेली. प्रत्येक खड्ड्याला अप्पा "शिवा शिवा" म्हणत होते. लोह्याच्या पुढे शेळ्यांचा कळप आडवा आला, मग खडीच्या ट्रकने आम्हाला पांढरं करून टाकलं. अप्पांच्या कपाळाला घाम, पण पुसायला म्हणून गाडी कुठे थांबली नाही. औशाला पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते आणि काळी गाडी मातीच्या रंगाची झाली होती.

"कोण हाय?" दारातल्या बाजेवरून दादांनी विचारलं.

"मी हाय, दादा. गाडीतनं आले."

ते भिंत धरून आले आणि हात पुढे केला. बॉनेटवर तळवा टेकला तसा अप्पांचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला, आणि तिथेच राहिला. दादा धुळीतून बोटं ओढत, एकेक पाऊल टाकत डिकीपर्यंत गेले.

"लांब हाय की हो, पाव्हणं. पोतं न्हाई ना कुठं?"

"न्हाई," अप्पा म्हणाले.

"रंग कोणता?"

"काळा."

"मग बराबर दिसायलाय मला," दादा म्हणाले आणि हसले.

दुसऱ्या दिवशी लातूरला अप्पांनी नेहमीसारखी गाडी पुसायला घेतली. छत झालं, काचा झाल्या. पण दादांनी हात फिरवलेल्या बाजूला आल्यावर ते थांबले. बॉनेटपासून डिकीपर्यंत चार बोटांच्या रेघा धुळीत तशाच होत्या. उरलेलं पाणी त्यांनी जास्वंदीला घातलं आणि पायरीवर येऊन बसले. अक्कांनी दिलेला चहा त्यांनी जागचं न उठता, गरम असतानाच संपवला.

"दोन वर्षं," ते रिकाम्या कपाकडे बघत म्हणाले. "अर्ध्या तासाचा तर रस्ता हाय."

मी कॉलेजला निघाले तेव्हा पाहिलं, दाराजवळच्या खुंटीवर पिशवी पुन्हा भरून ठेवलेली होती.