डाव्या स्टिअरिंगचा हेडर

हेडर इंजिनावर बसला, पण स्टिअरिंगचा शाफ्ट नेमका त्याच्या वाटेत आला.

मी गाडीखालच्या खड्ड्यात उभी होते, मान वर करून. वरून विशालनं विचारलं, "ताई, बसला का?"

"बसला," मी म्हटलं. खोटं नव्हतं. नट सगळे शेवटपर्यंत गेले होते.

"मग येऊ खाली?"

विचारता विचारता तो आलाच. मी बॅटरीचा उजेड धरला आणि त्याला दाखवलं. तिसरी नळी वाकून खाली येते तिथंच शाफ्ट आडवा. दोन्हींत करंगळीचं टोकही जाईना.

हेडर म्हणजे इंजिनाच्या अंगाला लागलेली नळ्यांची जुडी. इंजिनात चार सिलिंडर असतील तर चार नळ्या. प्रत्येकातला जळलेला धूर आपापल्या नळीतून येतो, खाली एकत्र होतो, मग लांब पाइपातून सायलेन्सरला जातो. कंपनी गाडीला ओतीव लोखंडाचा जाड तुकडा लावून देते, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो स्वस्त आणि टिकाऊ, पण धूर आत कोंबल्यासारखा जातो. गाडी पळवायची हौस असलेले लोक तो काढून हेडर लावतात.

आमचं दुकान बजाजनगरच्या मागच्या अंगाला आहे. दुकान रफिकभाईंचं. टेम्पोचे, ट्रॅक्टरचे फुटके सायलेन्सर सांधणं हा रोजचा धंदा. मी तिथं आर्गन करते. ते एक प्रकारचं वेल्डिंग. पातळ स्टील भोक न पाडता जोडायचं असेल तर तेच लागतं. कंपनीत कंत्राटावर पाइपांच्या कडा घासायला होते तेव्हा बघून बघून शिकले. दिवसभर त्या निळ्या उजेडाकडं बघितलं की संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. मान तर कायमचीच धरलेली.

विशाल देवगाव रंगारीचा. घरची शेती, आणि तो वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर. त्याच्याकडं जुनी जर्मन गाडी होती, मागच्या चाकांवर चालणारी. नाशिकच्या बाजूला एका घाटात गाड्या चढवायची स्पर्धा होती. एक एक गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. त्यानं पहिल्यांदाच नाव दिलं होतं. वर्षभर सुट्ट्या साठवून, कपडे-लत्ते न घेता तो त्या गाडीवर राबला होता. स्पर्धा रविवारी. हेडर परदेशातून यायला उशीर झाला आणि तो आमच्याकडं आला शुक्रवारी सकाळी.

"साईटवर मॉडेल जुळवून मागवलाय, भाई," तो रफिकभाईंना म्हणाला. "जुळत होतं सगळं."

रफिकभाई खड्ड्यात उतरले. त्यांनी बघितलं, आणि कपाळाला हात लावला.

"मॉडेल जुळलं रे राजा. पण तिकडं ड्रायव्हर बसतो डावीकडं. शाफ्ट बी डावीकडं. त्यांनी नळ्या उजवीकडं खुशाल पसरवल्यात. आपला ड्रायव्हर उजवीकडं बसतो. आता बोल."

विशालचे कान लाल झाले. मग म्हणाला, "पण लागत तर नाय ना? फट हाय की."

"फट हाय," रफिकभाई म्हणाले. "गाडी उभी हाय तवर हाय."

इंजिन रबराच्या गाद्यांवर ठेवलेलं असतं. एका जागी घट्ट बांधलेलं नसतं, नाहीतर गाडीत बसलेल्याचे दात वाजतील. गाडीनं जोर लावला की ते एका अंगाला कलतं. या गाडीत ते उजवीकडंच कलतं, शाफ्टकडं. शाफ्टला मात्र हलता येत नाही. तो हातातल्या चाकापासून खाली पुढच्या चाकांपर्यंत गेलेला असतो.

रफिकभाईंनी मला विचारलं, "ताई, कणीक हाय का डब्यात?"

आमच्याकडं अशी फट मोजायची हीच रीत आहे, त्यांच्या वस्तादापासून चालत आलेली. कणकेचा गोळा शाफ्टला चिकटवायचा. इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरवर क्षणभर जोर द्यायचा आणि बंद करायचं. मग कणीक किती चेपली ते बघायचं. कणीक शाफ्टलाच लावायची, नळीला नाही. नळी तापते, आणि मग मोजमाप राहतं बाजूला, भाकरी तयार होते.

माझ्या डब्यात पोळ्या होत्या. शेजारच्या चहावाल्याच्या बायकोकडून पीठ आणून मळलं.

विशाल गाडीत बसला. ब्रेक, क्लच, जोर. गाडीचं नाक वर आलं. सायलेन्सर जोडलेला नव्हता, सगळी गल्ली दणाणली. समोरच्या प्रेसमधला माणूस बाहेर येऊन ओरडला, "ओ रफिकभाई, जागा खाली करायची हाय का आमची?"

मी खाली गेले. गोळ्याला मधोमध चीर पडली होती, आणि चिरेतून शाफ्टचं लोखंड चमकत होतं. म्हणजे लागत होतं.

"चेपा मारू," रफिकभाई म्हणाले. नळी लाल तापवायची आणि गोल दांडा ठेवून आत दाबायची, की जागा होते. बरेच लोक करतात, आम्हीही करतो.

"नाय भाई, चेपा नाय!" विशाल कळवळला. "लई झकास दिसतोय तो. आरशासारखा."

"बोनटखाली कोण बघणार हाय? तुझी सासू?"

"लग्न नाय झालं अजून."

"मग तर कुणीच नाय. ताई, गॅस लावा."

त्यानं तोंड फिरवलं आणि मी नळी तापवली. तसं पाहिलं तर चेपल्यानं नळीचं फार काही बिघडणार नव्हतं, कारण ती मुळातच मोठी होती. पावणेदोन इंची नळ्या. या इंजिनाला दीड इंची पुरतात, फार तर एक सूत जास्त. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. यावरूनही सकाळी दोघांची जुंपली होती. विशालला मागचा लांब पाइपही तीन इंची हवा होता.

"पुण्याच्या माझ्या दोस्तानं तीनच टाकलाय," तो म्हणत होता.

"त्याचं इंजिन तुझ्या दुप्पट. तू तीन इंच टाकलं तर आवाजानं म्हशी पळतील. गाडी नाय पळणार."

"मोठा पाइप म्हणजे धूर मोकळा, भाई. साधी गोष्ट हाय."

साधी वाटते, पण नाही. अंगणात पाणी मारताना आपण पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवतो. पाणी तेवढंच असतं, पण लांब जातं. धुराचंही तसंच. नळी जेमतेम असली की धूर वेगानं जातो, आणि जाताना मागं ओढ सोडतो. ती ओढ पुढच्या सिलिंडरचा धूर खेचून काढते. नळी फार रुंद केली की धूर आत रेंगाळतो, थंड होतो. मग इंजिन खूप जोरात फिरतं तेव्हाच गाडी पळते, आणि हळू फिरताना मेल्यासारखी होते. घाटात प्रत्येक वळणावर गाडी हळू होते. तिथून उचल हवी असते. आणि फार बारीक केली तर वरच्या वेगाला धूर अडतो. म्हणून मधलं माप शोधावं लागतं, आणि ते दोस्ताच्या गाडीवरून मिळत नाही.

पण हे सगळं शुक्रवारी सकाळचं. दुपारी कुणाला मापाचं भान उरलं नव्हतं. नळी शाफ्टला लागू नये एवढंच मागणं उरलं होतं.

चेपा मारला. इंजिन गार होऊ दिलं. परत कणीक. परत जोर. या वेळी चीर पडली नाही, पण गोळा पापडासारखा पातळ झाला होता. रफिकभाईंनी तो दोन बोटांत धरून उजेडाकडं केला.

"आता लागत नाय," विशाल म्हणाला.

"गार हाय तवर."

तापलं की स्टील वाढतं. घाटात सतत जोर लावला तर नळी लाल होते. शिवाय शाफ्टच्या जोडावर रबराची एक चकती असते, नळीपासून वीतभर अंतरावर. तिला एवढी धग सोसेल का, हाही प्रश्न होता. मी त्या चकतीवर बोट ठेवून रफिकभाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. त्यांनाही ती दिसली होतीच.

"आणखी चेपा," विशाल म्हणाला. मघाशी त्याला एकही नको होता.

"आणखी चेपली तर वाकली हाय तिथं फाटेल. आधीच पातळ हाय. कापून नळीची वाट बदलायची, तोच इलाज. त्याला दोन-तीन दिवस लागतील."

"परवा स्पर्धा हाय, भाई."

"माहीत हाय."

विशाल खड्ड्याच्या काठावर बसला. कंपनीतून रजा काढून आला होता, पायांत अजून कंपनीचेच बूट होते. "जाऊ द्या मग असाच. एक फेरी तर मारायची हाय. चार-पाच मिनिटांचा खेळ. माझी गाडी, माझा जीव."

रफिकभाई गप्प झाले. मला तेव्हा भीती वाटली ती त्यांच्या गप्प बसण्याची. त्या गाडीच्या दारावर आमच्या दुकानाचं नाव लागणार होतं. तसली गाडी आमच्याकडं पहिल्यांदाच आली होती. ती बघून आणखी चार आल्या असत्या, आणि ट्रॅक्टरच्या सायलेन्सरांतून आम्ही थोडे तरी सुटलो असतो. त्यांना ते हवं होतं. मलाही हवं होतं. गंजलेला पातळ पत्रा सांधून सांधून मी कंटाळले होते.

"एका फेरीला काय होतंय," रफिकभाई हळूच म्हणाले. विशालला नाही, स्वतःलाच.

"तेच तर म्हणतोय मी."

"पट्टी गुंडाळू नळीला. धग कमी होईल. ताई, पट्टी हाय ना?"

पट्टी होती. मी आणली. ती धग अडवणाऱ्या कापडाची असते; ओली करून नळीला गुंडाळतात, जखमेला बांधल्यासारखी. मी गुंडाळायला हात घातला आणि कळलं की पट्टीच्या जाडीनं उरलेली फटही भरून जाते. मी पट्टी तशीच धरून उभी राहिले. मला भरभर बोलता येत नाही. माणसं वाद घालत असली की तर नाहीच. मी पट्टीचं टोक नळी आणि शाफ्टच्या मध्ये सरकवून दाखवलं. ते अडकलं.

दोघांनी बघितलं.

विशालनं मग नीट विचारलं. आवाजात सकाळची ऐट नव्हती. "भाई, खरं सांगा. वळणावर लागलं तर काय होईल? चाक जाम होईल?"

"नुसतं घासेल बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

"म्हंजे मला माहीत नाय, बेटा." रफिकभाईंनी हात पुसले. "घासून सुटंल बी. अडकंल बी. रबर वितळलं तर शाफ्ट ढिला होईल. मी तीस साल झालं हे करतोय, पर असलं करून घाटात कधी कुणाला पाठवलं नाय. म्हणून माहीत नाय."

विशाल शाफ्टकडं बघत राहिला. त्यानं बोनटमधून स्वतःच हात घालून बोट मध्ये जातंय का बघितलं, जसं काही आता जाणार होतं. त्याच्या खिशात फोन वाजत होता. त्यानं घेतला नाही.

"मी काढते," मी म्हटलं, आणि पाना घेतला.

मी पहिला नट सैल केला. मग दुसरा. तिसऱ्याला विशाल खाली उतरला आणि त्यानं खालून हेडर धरला, नाहीतर तो माझ्या डोक्यावर पडला असता. वरून रफिकभाई कंपनीचा मॅनिफोल्ड घेऊन आले. सकाळी आम्ही तो भंगारच्या ढिगावर टाकला होता. मी तो ब्रशनं घासला, सांध्यात नवीन गॅस्केट घातलं, आणि आम्ही तोच परत बसवला. मागचा पाइप मात्र सव्वादोन इंची टाकला. तीन इंचीचं नाव विशालनं काढलं नाही.

संध्याकाळी गाडी गेली. दारावर आमचं नाव लावायचं राहून गेलं. कुणाला आठवलंच नाही.

सोमवारी तो आला. रफिकभाई त्याला बघून उठले आणि पहिल्यांदा त्याच्या हातापायांकडं बघितलं.

"कितवा आला?"

"मधल्यात कुठंतरी." त्यानं खुर्ची ओढली. "ओतीव लोखंड घेऊन अजून काय होणार, भाई? एक वळण तर असं होतं, पार आतल्या अंगाला वळलेलं. तिथं मी चाक पूर्ण फिरवलं. फिरलं." एवढंच बोलला आणि चहा मागवला.

पुढच्या पंधरवड्यात आम्ही त्याच्यासाठी हेडर बनवला. मी बेंड, म्हणजे वाकवलेल्या नळीचे तुकडे, कापले, एक एक टाका मारून गाडीवर लावून बघितले, काढले, परत कापले. दीड इंची नळ्या, वर एक सूत. शाफ्टच्या अंगानं दोन बोटं जागा ठेवली. दिसायला तो परदेशी हेडरच्या पासंगालाही पुरत नाही. माझे सांधे जाडच येतात. विशालनं खुलताबादच्या घाटात गाडी चढवून बघितली.

"उचलते लई," तो म्हणाला. "पण आवाज बारीक झाला, भाई."

"म्हशींनी तक्रार केली का?"

"तसं नाय..."

तसंच होतं. आवाजासाठी तो नंतर दोनदा आला, आणि दोन्ही वेळा रफिकभाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

परदेशी हेडर तो गावी घेऊन गेला. इथं तो कुणाच्याच गाडीला बसणार नव्हता. त्याची आई तो टीव्हीच्या शेजारी ठेवते म्हणे, आणि आलेल्या माणसाला सांगते, आमच्या विशालनं जर्मनीहून आणलाय. कशाचा भाग आहे ते तिला कुणी विचारत नाही.

आता कुणी हेडर मागवायचं म्हणालं की रफिकभाई पाइपाचं माप नंतर विचारतात. आधी विचारतात, "ड्रायव्हर कुठल्या बाजूला बसतो?" लोक हसतात. म्हणतात, हे काय विचारणं झालं. हसू द्यावं. हसून झाल्यावर बरेच जण साईट परत उघडून बघतात.